जिम्नी: दोन पावसाळे आणि एक पाणंद

भोरहून निघालेला डांबरी रस्ता भाटघर धरणाच्या फुगवट्याला वळसे घालत शेवटी जिथे संपतो, तिथून आमच्या भातखाचरांपर्यंत जवळजवळ चार किलोमीटरची पाणंद आहे. आजोबांच्या वेळी त्या वाटेने बैलगाड्या जात. वडिलांच्या वेळी ट्रॅक्टर जाऊ लागला आणि त्याने बैलगाडीच्या जुन्या चाकोऱ्या इतक्या खोल केल्या की जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे कोणतीही साधी मोटार पोटावर बसते. मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी मी घेतली ती या चार किलोमीटरसाठी. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम अवघड वाटा शोधत हिंडण्याचा नाद नंतर लागला. त्यामुळे पडद्याचा आकार, आसनांचे कापड, स्पीकरची संख्या या गोष्टी पुढील परीक्षणात जवळजवळ येणारच नाहीत. दोन पावसाळे ही गाडी चिखलात, ओढ्यात आणि खडकावर घातल्यानंतर ती काय करते आणि चालवणाऱ्याकडून काय मागते, एवढेच सांगायचे आहे.

या गाडीचे घराणे आपल्याकडे नवे नाही. १९८५ साली आलेली जिप्सी याच घराण्यातली. लष्कराने ती वर्षानुवर्षे वापरली आणि ताडोब्याला वाघ पाहायला गेलेल्या प्रत्येकाने तिच्या मागच्या बाकावर बसून धूळ खाल्लेली असते. जपानमध्ये पहिली जिम्नी १९७० साली आली, तेव्हा तिचे इंजिन ३६० सीसीपेक्षाही लहान होते, आणि लहान इंजिनाच्या हलक्या गाडीने डोंगर चढायचा हा विचार कंपनीने तेव्हापासून सोडलेला नाही. भारतात २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या पाच दारांच्या जिम्नीचे इंजिन १,४६२ सीसीचे आहे, ताकद साधारण १०५ अश्वशक्ती, आणि वजन सुमारे १,२०० किलो. यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे, हे मला पहिल्या पावसाळ्यात कळले.

जूनच्या शेवटी पाणंदीचा मधला टप्पा म्हणजे दोन्ही बाजूंना चिखलणी केलेली खाचरे आणि मध्ये लोण्यासारखी झालेली माती. शेजारच्या एका गृहस्थांची मोठी, जड, माझ्या गाडीच्या जवळपास दुप्पट ताकदीची चारचाकी-चालन असलेली गाडी तिथे घोट्याएवढी रुतली आणि चाके फिरवावीत तशी खाली जात राहिली. माझी गाडी त्याच चाकोरीच्या काठाने, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनचा आवाज एकसारखा ठेवत निघून गेली. बांधावर उभ्या असलेल्या आमच्या काकांनी निकाल दिला, "गाडीत लय दम हाय म्हणून नाय निघाली पोरा, हलकी हाय म्हणून निघाली." कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा हे वाक्य खरे आहे. चिखलात गाडी वर तरंगली पाहिजे. ताकद जास्त असली तर ती बहुतेक वेळा खड्डा खणण्याच्या कामी येते.

आता रचनेविषयी. गाडीचे शरीर वेगळ्या शिडीसारख्या चासीवर बसवले आहे, पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच ताठ आस, आहे आणि त्यावर कॉइल स्प्रिंग आहेत. अखंड ॲक्सलचा फायदा खडकावर दिसतो: एक चाक दगडावर चढले की दुसरे आपोआप खाली दाबले जाते आणि जमीन सोडत नाही. शिवाय चाक वर गेले म्हणून ॲक्सलची जमिनीपासूनची उंची कमी होत नाही. तोटा डांबरावर दिसतो, तिथे गाडी खड्ड्यावरून जाताना आडवी डुलते आणि ताम्हिणीसारख्या वळणांच्या घाटात मागे बसलेल्या माणसाचे पोट ढवळते. माझ्या आईने मागच्या आसनावरून ताम्हिणी एकदाच केला. दुसऱ्या वेळी ती पुढे बसली.

चार चाकांना शक्ती देण्याची सोय जुन्या पद्धतीची, म्हणजे हाताने ओढण्याच्या वेगळ्या दांड्याची आहे, आणि मला ती बटणापेक्षा अधिक विश्वासाची वाटते. दांडा टू-एचवर असताना फक्त मागची चाके ओढतात, फोर-एचवर चारही, आणि फोर-एलवर चारही चाके पण निम्म्या वेगाने आणि दुप्पट जोराने. टू-एचवरून फोर-एचवर चालत्या गाडीत, सरळ रेषेत असताना जाता येते. फोर-एलसाठी मात्र गाडी पूर्ण थांबवून क्लच दाबावा लागतो. नव्याने गाडी घेणाऱ्यांकडून इथे एक चूक हमखास होते. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये मधला डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसल्यामुळे, कोरड्या डांबरावर किंवा सिमेंटवर फोर-एचमध्ये वळण घेतले की पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात, ते त्यांना कापता येत नाही आणि सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. स्टीअरिंग जड होते, गाडी उचक्या देते. डांबर लागले की दांडा पुढे, एवढी सवय लावून घ्यावी.

मुळात फोर-एल हेच या गाडीचे मर्म आहे, आणि ज्यांना त्याची गरज पडणार नाही त्यांनी या किमतीत दुसरे काहीही घ्यावे. पेट्रोल इंजिनचा पूर्ण ओढ, म्हणजे १३४ न्यूटन मीटर, मिळतो तो इंजिनच्या मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर. खालच्या फेऱ्यांवर इंजिन अगदीच साधे आहे. म्हणून फोर-एचमध्ये, पहिल्या गिअरमध्ये एखादा उभा खडकाळ चढ घेताना मनुष्य इंजिनला जास्त फेऱ्या देतो, वेग वाढतो, गाडी उसळते, आणि मग नको तो दगड नको तिथे लागतो. तोच चढ फोर-एलमध्ये पहिल्या गिअरवर टाकला की क्लचवरून आणि ॲक्सिलरेटरवरून दोन्ही पाय काढून घेतले तरी गाडी मुंगीच्या चालीने वर सरकत राहते. पहिल्या महिन्यात मी हाफ क्लचवर चढ घेत होतो आणि क्लच जळल्याचा तो ओळखीचा वास घरापर्यंत घेऊन येत होतो. दोष पूर्णपणे माझ्या डाव्या पायाचा होता. उतारावरही तेच: ब्रेक दाबून धरण्यापेक्षा फोर-एलचा पहिला गिअर गाडीला अधिक शांतपणे खाली आणतो.

आमच्या पाणंदीवर ओढा ओलांडल्यानंतर बसॉल्टच्या तीन पायऱ्या आहेत. त्या सरळ नाहीत, तिरप्या आहेत. दुसऱ्या पायरीवर पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक अधांतरी होते, आणि इथे गाडीची खरी परीक्षा असते. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की ज्या चाकाला अडथळा कमी, तेच चाक आधी फिरते. म्हणजे हवेतले चाक गरगर फिरणार आणि जमिनीवरचे स्वस्थ बसणार. फोर्सच्या गुरखासारख्या गाडीत दोन्ही ॲक्सलना डिफरन्शियल लॉक, म्हणजे दोन्ही चाके एकत्र फिरवणारी कडी, मिळतात, महिंद्राच्या थारच्या काही प्रकारांत मागे यांत्रिक लॉक मिळतो. जिम्नीत यातले काहीही नाही. तिच्यात संगणक हवेतल्या चाकाला ब्रेक लावतो, आणि त्या अडथळ्यामुळे शक्ती दुसऱ्या चाकाकडे वळते. उपाय स्वस्त आणि हलका आहे, पण त्याला थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ गाडीला देणे नवशिक्याला जमत नाही. चाक फिरू लागले की घाबरून पाय काढला जातो, ब्रेक सुटतो, आणि सगळे पहिल्यापासून. मी त्या पायरीवर तीन वेळा मागे आलो. चौथ्या वेळी पाय तसाच, न हलवता, ठेवला. खालून 'टर्र टर्र' असा आवाज आला, गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी थबकली, आणि मग पुढचे उजवे चाक जागे झाले. तो आवाज ऐकून कोणी गाडी बिघडली असे समजू नये. ब्रेक आपले काम करत असतात.

पाच दारांमुळे झालेली तडजोड इथेच सांगितली पाहिजे. परदेशात तीन दारांच्या जिम्नीच्या दोन ॲक्सलमधले अंतर २,२५० मिलिमीटर आहे. आपल्याकडच्या गाडीचे २,५९०. या ३४० मिलिमीटरमुळे मागे दोन माणसे नीट बसतात, पण गाडीचे पोट लांबते. पुढून चढण्याचा कोन ३६ अंश आहे आणि मागचा पन्नासच्या आसपास, म्हणजे बंपर सहसा लागत नाही. मधला कोन मात्र २४ अंशच आहे. थारमध्ये तो अधिक मिळतो. व्यवहारात याचा अर्थ असा की ज्या उंचवट्यावर पुढची चाके सहज चढून गेली, त्याच उंचवट्याचा माथा दाराखाली लागू शकतो. म्हणून बांध सरळ ओलांडू नये, थोडा तिरका ओलांडावा, आणि एक-एक चाक वर न्यावे. तसे करताना गाडी एका बाजूला कलते, याचेही भान ठेवावे.

माझी सर्वांत मोठी फजिती चाकोरीतच झाली. ऑगस्टमध्ये ट्रॅक्टर नुकताच जाऊन गेला होता, दोन्ही चाकोऱ्या ताज्या आणि खोल होत्या, आणि मी विचार न करता त्यांतच चाके घातली. गाडीची जमिनीपासूनची उंची २१० मिलिमीटर आहे. चाकोरी त्याहून खोल होती. डिफरन्शियलचा गोळा मधल्या उंचवट्यावर बसला आणि चारही चाके कमी-अधिक लोंबकळत राहिली. अशा वेळी कोणतीही यंत्रणा उपयोगी पडत नाही, कारण वजन चाकांवर राहिलेलेच नसते. दीड तास फावड्याने मधली माती खरवडली, चाकांखाली दगड आणि ऐनाच्या फांद्या घातल्या, आणि मग गाडी निघाली. तेव्हापासून एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेच्या गवतावर ठेवून, चाकोरी दोन चाकांच्या मध्ये घेऊन जातो. गाडीची रुंदी १,६४५ मिलिमीटरच असल्यामुळे पाणंदीत हे शक्य होते. रुंद गाड्यांना दोन्हीकडची करवंदीची जाळी ओरबाडून काढते. या अरुंदपणाची किंमत शहरात बसून कळत नाही.

टायरविषयी स्पष्ट बोलतो. गाडीसोबत येणारे १९५/८० आर १५ मापाचे टायर डांबरासाठी आहेत आणि डांबरावर ते शांत चालतात, पण ओल्या मातीत त्यांच्या खाचा दोन मिनिटांत भरून जातात आणि टायर गुळगुळीत रुळासारखा होतो. मी वर्षभराने २१५/७५ मापाचे ऑल-टेरेन टायर घातले. एवढ्याशा इंजिनाला थोडे मोठे चाकही जाणवते, चौथ्या गिअरमधला चढ आता तिसऱ्यात घ्यावा लागतो आणि महामार्गावर घरघर ऐकू येते. तरीही या गाडीवर केलेला माझा सर्वांत योग्य खर्च हाच. त्याहून स्वस्त उपाय हवेचा आहे. खडकाळ वाट सुरू होण्यापूर्वी मी चाकांतली हवा साधारण १८ पीएसआयपर्यंत उतरवतो. टायर जमिनीवर लांबट पसरतो, दगडाला धरतो, आणि पाठीचे हाल कमी होतात. डांबराला लागल्यावर दारावरच्या पट्टीवर दिलेल्या दाबापर्यंत हवा परत भरायची. यासाठी बारा व्होल्टवर चालणारा लहान पंप गाडीत कायम असावा. कमी हवेवर वेगाने गाडी हाकणे धोक्याचे आहे, टायर तापतो आणि रिमवरून निसटूही शकतो.

या निमित्ताने एका दुकानाचा अनुभव सांगतो. पुण्यातल्या एका साहित्याच्या दुकानात मी पुढे ओढण्यासाठी म्हणून लाल रंगाचा भरभक्कम दिसणारा हुक बसवून घेतला. पहिल्याच मोहिमेत, दुसऱ्या गाडीला ओढण्यासाठी पट्टा अडकवताना, सोबतच्या एका अनुभवी मित्राने खाली वाकून पाहिले आणि मला बाजूला घेतले. हुक चासीला नव्हताच. बंपरच्या पातळ पत्र्याला दोन नटांनी लावला होता. ताणलेला पट्टा अशा हुकासह सुटला, तर तो हुक गोळीसारखा समोरच्या काचेवर येतो. दुकानदाराचे उत्तर होते, "साहेब, बहुतेक लोक शो म्हणून लावतात." तेव्हापासून ओढण्याचे काम चासीला जोडलेल्या मूळ जागांवरूनच करतो, लोखंडी साखळी वापरत नाही, ताण सहन करून लवचीकपणे खेचणारा नायलॉनचा दोर वापरतो आणि त्यावर मध्यावर एक जाड गोधडी टाकतो, म्हणजे दोर तुटलाच तर उसळी खाणार नाही. आणि हो, आजूबाजूचे बघे लांब उभे करतो. हेच काम सर्वांत अवघड असते.

पाण्याबद्दल फार धाडस करू नये. थारसाठी ६५० आणि गुरखासाठी ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता सांगितली जाते. जिम्नी त्या वर्गातली नाही आणि तिने तसे असल्याचा आवही आणू नये. ओढा मी आधी स्वतः काठी घेऊन पायी ओलांडतो. पाणी गुडघ्याच्या बरेच खाली आणि तळ दगडगोट्यांचा असेल, तर फोर-एलमध्ये पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरवर, न थांबता, बोनेटपुढे एक लहानशी लाट राहील एवढ्याच वेगाने जातो. पाणी गढूळ आणि ओढीचे असेल, तर गाडी अलीकडे उभी करून साकवावरून चालत जातो. हलकेपणा चिखलात वरदान असला तरी वाहत्या पाण्यात तोच गाडीला उचलतो.

डांबरावरच्या वागणुकीबद्दल थोडक्यात. पुणे-बंगळूर महामार्गावर ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत गाडी आनंदी असते, त्यापुढे वारा आणि इंजिन दोघेही बोलू लागतात. खंबाटकीत भरलेल्या गाडीला तिसरा गिअर लागतो. स्टीअरिंग सैलसर आहे, वळल्यावर आपोआप सरळ येण्याची त्याला घाई नसते, पण दगडावर चाक आपटल्यावर हाताला झटका बसत नाही याचे कारणही तेच. कागदावर मॅन्युअलची सरासरी लिटरला सतरा किलोमीटरच्या जवळ आहे. मला महामार्गावर चौदा-पंधरा मिळते, आणि दिवसभर फोर-एलमध्ये फिरल्यास जेमतेम पाच. टाकी ४० लिटरची आहे, म्हणून डोंगरात शिरण्यापूर्वी ती भरून घ्यावी. ऑटोमॅटिक चारच गिअरचा आणि जुन्या धाटणीचा असला तरी खडकावर नवशिक्यासाठी तो सोपा आहे, हे मित्राच्या गाडीवर पाहून मान्य करावे लागले.

थार घ्यावी की जिम्नी, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. डिझेल थारला खालच्या फेऱ्यांवर ३०० न्यूटन मीटरचा ओढ आहे, जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर आहे, आणि जिथे मी तीनदा मागे येतो तिथे ती चालवणाऱ्याच्या चुका पोटात घालून एकदाच वर जाते. ती दीड टनाहून बरीच जड आहे, रुंद आहे, आणि रुतली की तिला काढायला ट्रॅक्टरच लागतो. जिम्नीला चार धडधाकट माणसे आणि एक फळी पुरते. खडक आणि मोठे उभे चढ हा ज्यांचा शौक आहे त्यांनी थार किंवा गुरखा पाहावी. ज्यांची वाट अरुंद, चिखलाची, झाडीतली आहे, आणि जे बरेचदा एकटे जातात, त्यांनी जिम्नीकडे पाहावे. बाजारात आली तेव्हा तिची शोरूम किंमत पावणेतेरा लाखांपासून सुरू होत होती. एवढ्या पैशांत शहरात हिंडण्यासाठी हिच्यापेक्षा प्रशस्त आणि सुखाच्या गाड्या भरपूर मिळतात, त्यामुळे नुसते दिसणे आवडले म्हणून घेणाऱ्यांची सहा महिन्यांत निराशा होते.

गाडी जाऊ शकते म्हणून तिथे नेलीच पाहिजे असे नाही, हेही लिहिणे मला भाग आहे. कोकणातल्या सड्यांवर चाके फिरवणारे व्हिडिओ हल्ली फार दिसतात. तो कातळ वरून ओसाड वाटतो, पण पावसाळ्यात त्याच्या इंचभर मातीत तेरड्यापासून कीटकभक्षी वनस्पतींपर्यंत एक अख्खे जग उगवते, आणि रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीची खोदचित्रे आहेत. समुद्रकिनाऱ्याची ओली वाळू तर शुद्ध फसवणूक. भरतीच्या आधी निघालेली गाडी भरतीनंतर क्रेनने निघते. अभयारण्यात वाट दिसली तरी ती आपल्यासाठी नसते. पाणंद, शिवरस्ता, वहिवाटीची गाडीवाट, आणि मालकाची परवानगी घेतलेले माळरान एवढे क्षेत्र एका आयुष्याला पुरेसे आहे. दुसऱ्याच्या खाचराचा बांध चाकाखाली फुटला, तर तो त्याच दिवशी फावड्याने बांधून द्यावा, नाही तर पुढच्या वेळी वाटेत आडवे लाकूड पडलेले असते.

यंदा दिवाळीनंतर आंबेमोहोराची पोती आणायला गेलो. सर्व आसने उभी असताना मागे २०८ लिटर जागा आहे, म्हणजे एक पोते आणि त्यावर कोंबलेली दोन पडवळे; मागची आसने पाडून चार पोती आणि वर काकांनी दिलेला नाचणीचा गठ्ठा बसला. पायऱ्या उतरताना, मागे वजन असल्यामुळे, गाडी कधी नव्हे इतकी स्थिर वाटली, आणि दुसऱ्या पायरीवर 'टर्र टर्र' असा आवाज आलाच नाही. ओढ्यात पाणी घोट्याएवढेच उरले होते. पलीकडे डांबराला लागल्यावर पंप काढला, चारही चाकांत हवा भरली, दांडा टू-एचवर ढकलला आणि भोरच्या दिशेने निघालो.